विजेच्या गाडीचा चार्जर : शेवटचा नव्हे, पहिला विचार

बैलजोडी विकत घेणारा शेतकरी केवळ बैलांची ताकद पाहून बाजारातून परत येत नाही. घरी वैरण किती आहे, उन्हाळ्यात ती पुरेल की नाही, पाण्याची सोय काय, ह्याचा हिशेब त्याने आधीच केलेला असतो. यंत्राच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा पुष्कळदा विसरला जातो. जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून तिच्यात विजेची मोटार व शिशाच्या बॅटऱ्या बसविण्याची खटपट हल्ली हौशी कारागीर करतात आणि भाजीपाला, दूध किंवा खताची पोती जवळच्या जवळ वाहून नेण्यासाठी काही शेतकऱ्यांनाही तिचे आकर्षण वाटते. अशा गाडीच्या खर्चाचा अंदाज मांडताना मोटार, कंट्रोलर व बॅटऱ्या ह्यांची किंमत प्रथम धरली जाते. चार्जर मात्र उरलेल्या पैशांत मिळेल तो घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. बॅटरी ही गाडीतील लवकर झिजणारी व पुन्हा पुन्हा विकत घ्यावी लागणारी वस्तू असून तिचे आयुष्य मुख्यतः चार्जरच्या हाती असते. म्हणूनच चार्जरची निवड बॅटरीच्या निवडीबरोबरच झाली पाहिजे.

प्रथम कायद्याची बाजू

पुण्याहून मुळशी तालुक्याकडे जाणारा पौड रस्ता कोथरूडमधून जातो. ह्या रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. वाहने व त्यांचे भाग ह्यांच्या चाचण्या घेऊन मान्यतेची प्रमाणपत्रे देण्याचे काम ती करते. पेट्रोल वा डिझेलवरील वाहन विजेवर चालविण्यासाठी जो संच बसवितात, त्याच्यासाठी ए.आय.एस.-१२३ हे मानक ठरविलेले आहे आणि अशा संचांची तपासणी ज्या संस्थांत होते, त्यांपैकी ही एक होय.

ह्याचा शेतकऱ्याशी संबंध असा की, मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी-पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. इंधनाचा प्रकार बदलणे हा असाच बदल आहे. मान्यताप्राप्त संच, तो बसविण्याचा अधिकार असलेला कारागीर आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंद ह्या तिन्ही गोष्टी झाल्याखेरीज घरी बदललेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणे बेकायदेशीर ठरते आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाईही धोक्यात येते. यास्तव पुढील विवेचन ज्यांनी ही वाट रीतसर धरली आहे किंवा ज्यांची गाडी स्वतःच्या शेताबाहेर जाणार नाही, त्यांच्यासाठी आहे. कायदा पाळला म्हणजे बॅटरी आपोआप टिकते असे नाही. तिची काळजी मालकालाच घ्यावी लागते.

बॅटरी कशाने मरते ?

शिसे व गंधकाम्ल ह्यांवर चालणारी पुन्हा चार्ज होणारी बॅटरी गास्ताँ प्लाँते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरीतून वीज काढली की दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व अॅसिड पातळ होते. चार्ज केले की सल्फेट विरघळून अॅसिड पुन्हा दाट होते. हा फेरा पूर्ण झाला तर बॅटरी टिकते. तो अपुरा राहिला, म्हणजे बॅटरी दिवसचे दिवस अर्धी रिकामी पडून राहिली, तर सल्फेटचे खडे कठीण होतात आणि मग ते सहजी विरघळत नाहीत. बॅटरी चार्ज झालेली दिसते, पण गाडी दोन किलोमीटर जाऊन थांबते.

उलट, चार्जिंग गरजेपेक्षा अधिक वेळ वा अधिक दाबाने चालू राहिले तर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. पाणी आटते, पट्ट्या उघड्या पडतात, धन पट्टीच्या जाळीला गंज चढतो आणि पट्टीवरील लेप गळून तळाशी साचतो. अपुरे चार्जिंग व अतिचार्जिंग हे दोन्ही रोग एकाच यंत्राच्या चुकीमुळे होतात आणि ते यंत्र म्हणजे चार्जर. बॅटरीवर चालणारा फवारणी पंप ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. हंगाम संपल्यावर रिकामा ठेवलेला पंप पुढील हंगामात चालत नाही आणि रात्रंदिवस खुंटीला लावून ठेवलेल्या पंपाची बॅटरी फुगते.

तीन टप्प्यांचा चार्जर

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घर असतात. प्रत्येक घराचा दाब सुमारे दोन व्होल्ट असतो. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवल्यावर सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास ती निम्मी उरलेली असते. ११.९ च्या खाली ती जवळजवळ रिकामी समजावी. तिला चार्ज करताना पहिल्या टप्प्यात ठरावीक प्रवाह द्यावा लागतो. ह्या टप्प्यात साधारण चार-पंचमांश भरती होते. दुसऱ्या टप्प्यात दाब स्थिर धरून प्रवाह हळूहळू उतरू द्यावा लागतो. हा दाब बारा व्होल्टच्या बॅटरीस बहुधा १४.४ ते १४.७ व्होल्ट इतका असतो. तिसऱ्या टप्प्यात दाब १३.५ ते १३.८ व्होल्टांपर्यंत खाली आणून बॅटरी नुसती भरलेली राखावयाची असते.

हे तीन टप्पे आपोआप पार पाडणारा चार्जरच गाडीसाठी घ्यावा. ज्याच्या पाटीवर केवळ ‘७२ व्होल्ट’ एवढेच लिहिलेले आहे व टप्प्यांच्या दाबाचे आकडे विक्रेत्याला सांगता येत नाहीत, तो चार्जर किती स्वस्त आहे हे पाहण्याचे कारण नाही. बॅटरीच्या निर्मात्याने दिलेले आकडे एका हातात व चार्जरचे माहितीपत्रक दुसऱ्या हातात घेऊन दोन्ही जुळतात की नाही हे पाहणे, ह्यातच निवडीचे मर्म आहे.

बॅटरीच्या जातीप्रमाणे हे आकडे बदलतात, हेही ध्यानात ठेवावे. झाकणे उघडून पाणी घालता येणाऱ्या बॅटरीला महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, निर्मात्याने सांगितले असल्यास, थोड्या अधिक दाबाने समतोल चार्ज देतात. त्यामुळे मागे पडलेली घरे इतरांच्या बरोबरीला येतात. बंद बॅटरीला, विशेषतः जेल प्रकारच्या बॅटरीला, हाच उपाय घातक ठरतो. तिच्यातून गेलेले पाणी पुन्हा घालता येत नाही. शिवाय गाडीत पुढे कधी लिथियम बॅटरी बसविली, तर तिच्यासाठी निराळा चार्जर घ्यावाच लागेल. शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला लावणे धोक्याचे आहे.

किती मोठा चार्जर ?

उदाहरणादाखल १२ व्होल्ट व १५० अॅम्पिअर-तासांच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली ७२ व्होल्टची गाडी घेऊ. पाटीवरील आकड्यांप्रमाणे तिच्यात १०.८ युनिट वीज मावते. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला हितावह नसल्याने नित्याच्या वापरास ५.४ युनिटच हिशेबात धरावीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरील आकडा बहुधा वीस तासांत सावकाश वीज काढल्यास मिळणारा असतो. गाडी ती तास-दीड तासात काढते, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते. लहान गाडी सावकाश चालवूनही एका चार्जमध्ये ३०-३५ किलोमीटरांपेक्षा अधिक अंतर गृहीत धरू नये.

अशा संचाला चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या दहाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत, म्हणजे १५ ते ३० अॅम्पिअर, असावा असा सर्वसाधारण नियम आहे. मोठा घेतला तर काम लवकर होईल, असे सहज वाटते. पण घरातील विजेचा हिशेब निराळा आहे. दुसऱ्या टप्प्याच्या सुमारास संचाचा दाब ८६.४ व्होल्ट असतो. २० अॅम्पिअरच्या चार्जरला ह्या वेळी सुमारे १,७३० वॉट द्यावे लागतात. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास तो घरातून सुमारे २,०३० वॉट ओढतो. २३० व्होल्टांवर हा प्रवाह जवळजवळ ९ अॅम्पिअर होतो. दाब १८० व्होल्टांवर उतरला तर तो ११ अॅम्पिअरांच्या वर जातो. ३० अॅम्पिअरचा चार्जर त्याच १८० व्होल्टांवर सुमारे १७ अॅम्पिअर ओढील. घरातील मोठा सॉकेटसुद्धा १६ अॅम्पिअरांचाच असतो. पॉवर फॅक्टर सुधारण्याची व्यवस्था नसलेला स्वस्त चार्जर तर ह्याहूनही अधिक प्रवाह घेतो. तापून वितळलेले सॉकेट व जळालेली तार ह्यांचे कारण पुष्कळदा येथे असते.

म्हणून वरील संचाला १५ ते २० अॅम्पिअरचा चार्जर पुरेसा आहे. अर्धी रिकामी झालेली बॅटरी त्याने सात-आठ तासांत भरते. शेवटचा पाचवा हिस्सा भरण्यास लागणारा वेळ मोठ्या चार्जरनेही फारसा वाचत नाही, कारण त्या टप्प्यात बॅटरी स्वतःच प्रवाह घ्यावयाचा कमी करते. ५.४ युनिट परत भरण्यासाठी घरच्या मीटरवर सुमारे ८ युनिट पडतील, कारण बॅटरी व चार्जर ह्या दोहोंत काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते. गाडीच्या फेरीचा खर्च काढताना हाच आकडा धरावा.

हवामान आणि गावची वीज

परदेशी माहितीपत्रकांतील दाबाचे आकडे बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी दिलेले असतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी ४० अंशांवर सहज जाते. दर अंशामागे प्रत्येक घराचा दाब सुमारे ४ मिलिव्होल्टने कमी करावा लागतो. ७२ व्होल्टच्या संचात ३६ घरे असतात. म्हणजे ४० अंशांवर एकंदर दाब सुमारे २.२ व्होल्टने उतरविला पाहिजे. ८६.४ च्या ठिकाणी ८४.२ व्होल्ट पुरेत. थंडीत १० अंशांवर तितकाच दाब वाढवावा लागतो. बॅटरीला चिकटवावयाची तापमान मोजणारी तार ज्या चार्जरसोबत मिळते, तो हे काम आपोआप करतो. आपल्या हवामानात ही तार चैनीची वस्तू नसून गरजेची आहे.

गावच्या विजेचा स्वभावही ध्यानात घेतला पाहिजे. संध्याकाळी सर्व घरांत दिवे, पंखे व गिरण्या चालू असताना दाब २०० व्होल्टांपर्यंत उतरतो, तर मध्यरात्रीनंतर तो २५० पर्यंत चढतो, असा अनुभव अनेक गावांत येतो. लोखंडी ट्रान्सफॉर्मर व डायोड एवढ्यावरच चालणाऱ्या साध्या चार्जरचा दाब घरातील दाबाबरोबर चढतो व उतरतो. संध्याकाळी ८४ व्होल्ट देणारा असा चार्जर मध्यरात्री १०५ व्होल्ट द्यावयास पाहतो आणि मालक झोपेत असताना बॅटरीतील पाणी उकळवून टाकतो. घरातील दाब कितीही हलला तरी आपला दाब स्थिर ठेवणारा चार्जर घेणे, हे शहरापेक्षा खेड्यात अधिक आवश्यक आहे.

शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी चार्ज करण्याचा मोह टाळावा. ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याहून निराळ्या कारणासाठी वीज वापरणे वीज अधिनियम, २००३ प्रमाणे अनधिकृत ठरते. शिवाय पंपाच्या स्टार्टरजवळ दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्टांचा दाब असतो. २३० व्होल्टचा चार्जर चुकून तेथे जोडला गेला तर तो क्षणात जळतो. शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते, त्यामुळे चार्जिंग अर्धवट राहते ते वेगळेच. गावठाणातील घरगुती जोडणी हीच ह्या कामासाठी योग्य आहे.

जिवाचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन पैशाच्या नुकसानीचे होते. पुढील मुद्दा त्याहून गंभीर आहे. काही स्वस्त किंवा घरगुती चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. घरातील वीज सरळ डायोडमधून बॅटरीला दिली जाते. अशा वेळी बॅटरीचा संच घरातील विजेशी थेट जोडलेला राहतो. गाडीचा सांगाडा व बॅटरी ह्यांच्यात ओलसरपणामुळे थोडा जरी संबंध आला, तरी गाडीला हात लावणारा मनुष्य विजेच्या तारेलाच हात लावतो. गाडी गोठ्याशेजारी उभी असेल, जमीन ओली असेल आणि पाय उघडे असतील, तर हा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून घरची वीज व बॅटरी ह्यांना पूर्णपणे अलग ठेवणारा चार्जरच घ्यावा आणि ही गोष्ट विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावी. त्यासोबत तीन पिनांचा सॉकेट, खात्रीचे आर्थिंग, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ३० मिलिअॅम्पिअरवर तुटणारा आर.सी.सी.बी. ह्या चार गोष्टींचा खर्च चार्जरच्याच किमतीत धरावा.

चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बंद खोलीत, चुलीजवळ किंवा बिडी ओढत चार्जिंगची पाहणी करू नये. पाणी घालावयाचे ते डिस्टिल्ड वॉटरच असावे. विहिरीचे वा नळाचे पाणी चालणार नाही. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी आधी घालून बाकीचे चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालावे.

दोन आक्षेप

शिशाची बॅटरी आता जुनी झाली, लिथियम आल्यावर तिच्या चार्जरची एवढी चिकित्सा कशाला, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. लिथियम बॅटरी हलकी असते व अधिक टिकते, हे खरे. वर सांगितलेल्या शिशाच्या सहा बॅटऱ्यांचे वजन ३०० किलोंच्या घरात जाते. तथापि शिशाची बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते, तिथेच दुरुस्त होते आणि जुनी बॅटरी विक्रेता परत घेतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुनी बॅटरी परत देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्यही आहे. जोवर खेड्यातील कारागिराच्या हातात ही बॅटरी आहे, तोवर तिचा चार्जर नीट निवडणे व्यर्थ जाणार नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगला चार्जर महाग पडतो, लहान शेतकऱ्याने तो कोठून आणावा ? ह्याला उत्तर असे की, ज्याला चांगला चार्जर परवडत नाही त्याला बॅटऱ्यांचा दुसरा संच तर मुळीच परवडणार नाही. बंगळूर येथे तयार झालेली रेवा ही लहान विजेची गाडी २००१ साली बाजारात आली. तीही शिशाच्या बॅटऱ्यांवरच चालत असे. तिच्या निर्मात्यांनी चार्जर गाडीतच बसविला होता व चार्जिंगवर देखरेख ठेवणारी यंत्रणा तिच्यात होती. ज्यांनी पूर्ण विचार करून गाडी बांधली त्यांनी चार्जर हा गाडीचाच एक अवयव मानला. घरी गाडी बदलणाऱ्याने त्याला उपरी वस्तू समजणे म्हणजे आधी कळस, मग पाया. पैसे कमी असतील तर दोन चाके कमी चालतील, पण चार्जर कमी दर्जाचा चालणार नाही. त्यापेक्षा ७२ च्या ऐवजी ४८ व्होल्टचा लहान संच, संथ गाडी आणि योग्य चार्जर हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

गावात अशी गाडी करण्याचा विचार निघाला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्या माणसाला नाउमेद करू नये आणि भरीसही घालू नये. त्याने पाच प्रश्न विचारावेत. गाडी सार्वजनिक रस्त्यावर जाणार असेल तर मान्यताप्राप्त संच व नोंदणीची सोय पाहिली आहे काय ? बॅटरीच्या निर्मात्याने चार्जिंगचे कोणते दाब सांगितले आहेत ? चार्जर तेच दाब देतो काय व तापमानाप्रमाणे बदलतो काय ? घरातील वायरिंग व आर्थिंग त्या प्रवाहाला पुरे पडेल काय ? चार्जर घरच्या विजेपासून बॅटरीला अलग ठेवतो काय ? ह्या पाचांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल तर खरेदी लांबणीवर टाकण्याचा सल्ला द्यावा.

सेवा सहकारी संस्थेने किंवा शेतकरी गटाने एक चांगला व्होल्टमीटर व अॅसिडची घनता मोजणारा एक हायड्रोमीटर घेऊन ठेवल्यास गावातील ट्रॅक्टर, इन्व्हर्टर व फवारणी पंप ह्या सर्वांच्याच बॅटऱ्यांची पारख होईल. फवारणी पंपाच्या बंद बॅटरीला हायड्रोमीटर लागू पडत नाही, तेथे व्होल्टमीटर पुरेसा आहे. महिन्यातून एकदा संचातील प्रत्येक बॅटरीचा दाब निराळा मोजून वहीत लिहावा. सहांपैकी एक बॅटरी सतत मागे राहत असेल तर ती वेळीच सापडते. नाहीपेक्षा एका दुबळ्या बॅटरीपायी उरलेल्या पाचही बिघडतात. नवी व जुनी बॅटरी किंवा निरनिराळ्या जातींच्या बॅटऱ्या एका ओळीत जोडू नयेत. गाडी महिनाभर वापरावयाची नसेल तर ती पूर्ण चार्ज करून ठेवावी व मधून मधून चार्ज करीत जावे.

विजेच्या गाडीने इंधनाचा खर्च वाचू शकेल. परंतु ती बचत हाती येते ती बॅटरी आपले पूर्ण आयुष्य जगली तरच. बॅटरीच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी घरातील दाब दिवसाच्या निरनिराळ्या वेळी मोजून तो लिहिलेला कागद आणि आपली रोजची फेरी किती किलोमीटरांची आहे तो आकडा शेतकऱ्याने खिशात ठेवावा. योग्य चार्जर कोणता, हे ठरविण्याची सुरुवात त्या कागदापासून होते.